‘१ किलो बीफला १५,००० लिटर पाणी’वाल्यांनी एकदा फीडलॉट बघून यावं

टेक्सासकर:
मृदगंध यांची ती पोस्ट तीन ग्रुपांवरून फिरून परत माझ्याच फोनवर आली, तेव्हा म्हटलं आता उत्तर द्यायचंच. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: १ किलो बीफला १५,००० लिटर पाणी आणि ७ किलो धान्य लागतं, सगळा धंदा सबसिडीवर उभा आहे, जगाने उद्या बीफ सोडलं तर ते धान्य उपाशी लोकांच्या ताटात जाईल, आणि आपल्या पूर्वजांना हे अर्थशास्त्र आधीच कळलं होतं. खाली बदामांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस.

मी काय खातो ते विचारू नका, तो मुद्दा नाही. मी अमरिलोला राहतो, टेक्सासच्या पार वरच्या टोकाला, आणि फीडलॉटच्या (कापण्याआधी गुरांना चारून वजन वाढवतात ते मोठे वाडे) खाद्याचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. वारा फिरला की शेणाचा वास थेट बेडरूममध्ये येतो, त्यामुळे या धंद्यावर माझं काही प्रेम ऊतू चाललंय असंही समजू नका.

आधी धान्य. फीडलॉटवर उजाडायच्या आत एक माणूस पिकअप घेऊन गव्हाणी बघत फिरतो. सिमेंटच्या लांबच लांब गव्हाणी. चाटूनपुसून लख्ख असेल तर आज त्या वाड्याचं खाणं थोडं वाढवायचं, तळाला उरलं असेल तर कमी करायचं. जनावरामागे पाव-अर्धा किलो इकडेतिकडे, पण पन्नास हजार जनावरं असली की नफा-तोटा तिथेच ठरतो. खाणं म्हणजे मका वाफेवर नरम करून रोलरमधून चपटा काढलेला, चक्क मक्याचे पोहे, त्यात इथेनॉलच्या कारखान्यातून उरलेला चोथा, थोडं वाळकं गवत, मळी. जनावर येतं साडेतीनशे किलोच्या आसपास आणि पाच-सहा महिन्यांत सहाशेच्या वर जाऊन ट्रकमध्ये चढतं. तुमचा ७ किलोचा आकडा या शेवटच्या मुक्कामाचा आहे. त्याच्या आधी ते वासरू आईबरोबर आणि मग कळपात गवतावर वाढतं, तेही बहुतेक अशा रानात जिथे नांगर घातला तर धूळ उडेल. एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेती संघटनेच्या, लोकांनी २०१७ मध्ये जगाचा हिशोब मांडला होता, जनावरं जे खातात त्यातलं ८६ टक्के माणसाला खाताच येत नाही. गवत, कडबा, कोंडा, चोथा. हे कुणाच्या ताटात वाढणार?

पाणी. त्या १५,००० लिटरमधलं ९४ टक्के हे कुरणावर आणि शेतावर पडलेलं पावसाचं पाणी आहे. इथली गाय हटवली म्हणून तो पाऊस लातूरला जाऊन पडणार नाहीये.

आणि पैसा कुणाच्या खिशात जातो हे तर कुणी विचारतच नाही. इथे फीडलॉटमधली साधारण ८५ टक्के जनावरं चार कंपन्या कापतात, टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅन्ससला हॉलकोम्बच्या टायसनच्या प्लँटला आग लागली, देशाच्या क्षमतेतले पाच-सहा टक्के एका रात्रीत बंद. तर झालं काय, जनावरांचा भाव पडला आणि मांसाचा घाऊक भाव चढला. दोन्ही एकाच वेळी! पाळणारा रडला, खाणारा रडला, मधले हसले. यावर बोला, पूर्वजांना कशाला मधे आणता.

मृदगंध:
एवढं लांबलचक लिहिलंत, आभार. फीडलॉटच्या पगारावर जगणाऱ्याने फीडलॉटची बाजू घेतली यात मला नवल वाटलं नाही. पावसाचं पाणी म्हणे. आणि तुमच्या अमरिलोच्या खालचा ओगालाला पाणीसाठा? तो पण पावसाचाच का? हजारो वर्षांत साठलेलं जमिनीखालचं पाणी उपसून तुम्ही त्या कोरड्या मुलखात मका पिकवलात आणि आता विहिरी आटायला लागल्यावर ९४ टक्के, ९४ टक्के करताय.

सबसिडीचं तर तुम्ही शिताफीने टाळलंत. अमेरिकेत सरकारी कुरणावर एक गाय आणि तिचं वासरू महिनाभर चरायला २०२५ पर्यंत १.३५ डॉलर भाडं होतं. सव्वा डॉलर! खाजगी कुरणाला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. ही सबसिडी नाही तर काय हळदीकुंकवाचं वाण आहे?

आणि ॲमेझॉन कुठे गेलं तुमच्या हिशोबात?

रेवती_पु:
टेक्सासकर, एक छोटासा पॉइंट. ७ किलो धान्याला १ किलो जिवंत वजन असं तुम्हीच कबूल केलंत. दुकानात जे मांस येतं ते जिवंत वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शेवटच्या टप्प्यापुरता मांसाचा हिशोब धरला तर मृदगंधनी लिहिलेला आकडा कमीच होता, जास्त नाही. स्वतःच्याच पायावर धोंडा. 😀

ॲमेझॉनबद्दल. माझा नवरा साओ पावलोला कामाला होता तेव्हा आम्ही काही वर्षं तिथे होतो. तिथल्या लोकांशी बोललं की कळतं की जंगल तोडून गुरं सोडतात ती मांसासाठी कमी आणि जमिनीसाठी जास्त. रान जाळलं, गवत पेरलं, कुंपण घातलं, गुरं सोडली, की जमीन ‘वापरात’ दिसते. मग काही वर्षांनी कागद होतात आणि जमिनीचा भाव कैक पटींनी वाढतो. हेक्टरी एखादंच जनावर असतं, एवढ्या विरळ कळपावर मांसाचा धंदा म्हणून काय मोठं कमावणार. मोठ्या कंपन्यांनी २००९ मध्ये करार केला की जंगलतोडीची गुरं घेणार नाही, पण वासरू एका फार्मवर जन्मतं, दुसऱ्यावर वाढतं, तिसऱ्यावरून कंपनीला विकलं जातं आणि कंपनी कागद बघते तिसऱ्याचे. म्हणजे एक किलो मांसाची जी किंमत दिसते त्यात जंगलाची किंमत धरलेलीच नसते. ती आली की मग बोलू स्वस्त-महागाचं.

जाता जाता, ब्राझीलच्या मांसाच्या गुरांत बहुतांश नेलोर जात आहे, म्हणजे आपली आंध्रची ओंगोल. तिथे वियातिना-१९ नावाच्या एका गायीची किंमत ४० लाख डॉलरच्या वर धरली गेलीये. आपण मात्र ओंगोल कुठे बघायला मिळते ते गुगल करतो.

टेक्सासकर:
रेवतीताई, धोंडा मान्य, पण तो फक्त शेवटच्या टप्प्याला लागू आहे हे तुम्हीच लिहिलंत, एकूण जनावराला नाही. ॲमेझॉनबद्दल तुमच्याशी भांडणार नाही, तुम्ही तिथे राहिलात.

मृदगंध, ओगालाला आटतोय, हो, माझ्या शेजाऱ्याने विहीर दोनदा खोल केली आणि आता कोरडवाहू करतोय, तेव्हा त्यावर मला शिकवू नका. पण पगाराचा टोमणा मारलात म्हणून सांगतो. या धंद्यात सगळे मालामाल असतात हा तुमचा समज आहे. २०२२ च्या दुष्काळात इथल्या लोकांनी गाया विकल्या, गवतच नव्हतं. आता अमेरिकेतला कळप १९५१ नंतर सगळ्यात लहान झालाय. आज भाव चांगला म्हणून कालवड राखायची ठरवली तर ती गाभण राहणार, नऊ महिने, मग तिचं वासरू दीड-दोन वर्षांनी कापायला येणार. तीन वर्षं हातात काही नाही, उलट आज विकली असती तर मिळाले असते ते पैसेही गेले. म्हणून कुणी राखत नाही, म्हणून २०२५ मध्ये खिमा पाऊंडाला ६ डॉलरच्या वर गेला, त्यात मेक्सिकोत मांस खाणाऱ्या अळीचा उपद्रव म्हणून तिकडून येणारी वासरं बंद. आणि २०१९ ला हसणारे ते मधले आता तोट्यात आहेत, टायसनने नेब्रास्कातला लेक्सिंग्टनचा प्लँट बंद करायचं जाहीर केलं. चाक फिरतं.

चार्टर्ड_काका:
अमेरिका झाली, ब्राझील झालं, आता जरा स्वतःच्या अंगणात बघा मंडळी. २०२३-२४ मध्ये भारतातून साधारण १३ लाख टन म्हशीचं मांस बाहेर गेलं, ३१ हजार कोटी रुपयांचं. अमेरिकन शेतीखातं ते बीफमध्येच धरतं म्हणून जागतिक यादीत आपण वरच्या चार-पाचांत असतो. भागाकार करा, किलोला २४० रुपयांच्या आसपास पडतो. एवढं स्वस्त हाड काढलेलं मांस दुसरं कोण विकतं?

आता हे स्वस्त का. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे, त्यामुळे अमेरिका, जपान, युरोप आपल्याकडून घेत नाहीत. हाड काढायचं, गाठी काढायच्या, गोठवायचं, आणि मग ते व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इंडोनेशियाला. गरीब गिऱ्हाईक, म्हणून भाव कमी. आणि तरी परवडतं कारण म्हशीला मांसासाठी कुणी वाढवलेलंच नसतं. तिचा खर्च दुधाने आधीच भागवलेला असतो. टेक्सासवाला सहा महिने मका चारतो, आपण चारत नाही, आपला माल म्हणजे दुधाच्या धंद्याची भंगारविक्री. मृदगंधताई, पूर्वजांचं अर्थशास्त्र ते हेच.

मृदगंध:
भंगार? काका, जिवंत प्राण्याला भंगार म्हणताय, वयाचा मान ठेवून गप्प बसते.

मेलबर्नचा_मंग्या:
काकांच्या मुद्द्यात भर. इंडोनेशिया आधी सगळं ऑस्ट्रेलियावर. इथल्या उत्तरेकडच्या रँचवरून जिवंत गुरं जहाजात भरून जकार्ताला. २०११ ला टीव्हीवर तिथल्या कत्तलखान्यांचं शूटिंग दाखवलं, भयंकर होतं, आणि सरकारने एका फटक्यात निर्यात थांबवली. महिनाभरच, पण बंदरावर आलेली गुरं परत कुठे नेणार? २०२० मध्ये फेडरल कोर्टाने तो बंदीचा हुकूमच बेकायदेशीर ठरवला. इकडे इंडोनेशियाने धडा घेतला की एकाच दुकानावर उधारी ठेवायची नाही आणि २०१६ पासून भारताची म्हैस घ्यायला लागले. इथले रँचवाले अजून त्या नावाने शिव्या घालतात.

बांधावरचा:
सरकारं सगळीकडची सारखीच म्हणायची. आमचा कांदा घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, उठली कधी तर ४ मे ला, मतदान तोंडावर आल्यावर. तवर माल सडला. गिऱ्हाईक पाकिस्तानकडं आणि इजिप्तकडं गेलं ते गेलं.

चार्टर्ड_काका:
कांद्याचा धागा वेगळा काढा हो. पण उदाहरण चपखल आहे, अर्जेंटिनाने हेच बीफचं केलं. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष किर्चनर यांनी देशात मांस स्वस्त राहावं म्हणून १८० दिवस निर्यात बंद केली, पुढे कोटे लावले. पाळणाऱ्यांनी विचार केला, भाव सरकार पाडणार तर गुरं कशाला, सोयाबीन लावू. वर दुष्काळ आला. चार-पाच वर्षांत कळप जवळजवळ एक कोटीने घटला आणि ज्यांच्यासाठी बंदी केली त्यांनाच मांस महाग झालं. शेजारचा चिमुकला उरुग्वे त्या काळात अर्जेंटिनापेक्षा जास्त निर्यात करून बसला. तिथे २००६ पासून प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला सक्तीचा, कुठे जन्मलं कुठे गेलं सगळी नोंद. गिऱ्हाईक त्याचे जास्त पैसे मोजतं.

गोठेवाली:
बिल्ला आमच्याही गायींच्या कानात आहे काका, पिवळा, १२ आकडी. त्याने भाव वाढल्याचं ऐकिवात नाही.

मी बराच वेळ वाचत होते. फलटण तालुक्यात गोठा आहे माझा, सगळ्या एचएफ, म्हणजे विलायती होल्स्टिन गाया. इथे सगळे बीफवर बोलताय आणि बीफ जिथून येतं त्या दुधावर काकांनी दोन ओळी टाकून सोडून दिलं. गाय दूध देते कारण ती विते. निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. त्या गोऱ्ह्याचं काय करायचं ते सांगा, बाकी १५,००० लिटर आणि ९४ टक्के तुमचं तुम्ही बघा.

त्याला दिवसाला चार लिटर दूध पाजायचं दोन महिने. डेअरी लिटरला तीस ते पस्तीसच्या मधे झुलवते, म्हणजे रोजचे सव्वाशे रुपये त्याच्या पोटात. मोठा करून काय? एचएफचा बैल उन्हात औताला टिकत नाही, वशिंड नाही, जू बसत नाही. पूर्वी व्यापारी दारात यायचा, चार पैसे देऊन न्यायचा. कुठे न्यायचा ते आम्ही विचारत नव्हतो आणि तो सांगत नव्हता. २०१५ पासून बैल आणि गोऱ्हापण राज्याच्या गोहत्याबंदी कायद्यात आले, पाच वर्षं कैद, व्यापारी यायचा बंद झाला. मग लोक काय करतात ते मी इथे लिहीत नाही, रात्री एसटी स्टँडच्या मागे, नाहीतर घाटात जाऊन बघा. मी स्वतः बघितलंय, नाळ न वाळलेलं वासरू, उसाच्या बांधावर.

टेक्सासकर:
गोठेवाली ताई, हे वाचून सुन्न झालो कारण इथे अगदी उलटं चाललंय. डेअरीवाले त्यांच्या बऱ्याच गायींना, ज्यांची कालवड नको असते त्यांना, अँगस या मांसाच्या जातीचं रेतन करतात. दुधाच्या गायीला मांसाचं वासरू. २०२५ मध्ये असलं एक दिवसाचं वासरू हजार डॉलरच्या वर विकलं जात होतं. ओळखीचा एक डेअरीवाला म्हणतो दुधापेक्षा वासरांनी हप्ते फेडले. तेच होल्स्टिन, तोच गोऱ्हा.

गोठेवाली:
हजार डॉलर! माझी दुभती गाय विकली तरी कसेबसे तेवढे येतील.

मृदगंध:
ताई, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण यावर उपाय कत्तल नाही. सॉर्टेड सीमेन आहे, ९० टक्के कालवडीच होतात, सरकार स्वस्तात देतं. गोशाळा आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने देशी गायीला राज्यमाता जाहीर केलं, गोशाळांना दिवसाला गायीमागे ५० रुपये सुरू केले. मार्ग आहेत, वापरायचे नसतील तर वेगळं.

गोठेवाली:
वापरायचे नसतील तर?? सॉर्टेड सीमेन वापरते मी. गाभ कमी राहते त्याने. माझी एक गाय लागोपाठ उलटली, म्हणजे गाभण राहिलीच नाही, प्रत्येक वेळी एकवीस दिवस गेले, दूध आटत गेलं, शेवटी साधं भरलं तेव्हा राहिली, आणि झाला गोऱ्हा. आणि ते ५० रुपये देशी गायीला, माझी एचएफ ना राज्यमाता ना राज्यमावशी. मोठ्या जनावराला वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण लागते, वर सुका चारा, ५० रुपयांत दुपारपर्यंत पण पुरत नाही. जवळच्या गोशाळेत गोऱ्हा घेऊन गेले तर आधी देणगीची पावती फाडा म्हणाले. आकडा ऐकून टेम्पो परत फिरवला.

बांधावरचा:
ताईंनी जर्सी-एचएफचं सांगितलं, मी खिलार बैलाचं सांगतो. मी सांगोल्याकडचा. आमच्या आज्याच्या काळापासनं बैलाचं गणित एकच हुतं. खोंड घ्यायचा, दोन दाती, दोन-तीन वर्सं शिकवायचा, सात-आठ वर्सं वापरायचा, दात जुळून बैल थकला की बाजार. बाजारात व्यापारी टॉवेलाखाली हात धरायचा, बोटं दाबून भाव, तोंडानं एक शब्द न्हाय, भोवतीच्या गर्दीला कळायचं न्हाय काय ठरलं. त्या पैशात थोडी भर घातली की नवा खोंड दावणीला. म्हाताऱ्या बैलाच्या पैशावर नवा बैल उभा ऱ्हायचा. २०१५ ला ती दोरीच तुटली. म्हातारा बैल म्हंजे आता देणं झालं, येणं न्हाय. मग कोण बैल पाळंल? ट्रॅक्टर भाड्यानं आणला की झालं, ट्रॅक्टर म्हातारा झाला तर निदान भंगारात तरी जातो.

गाय वाचवायला कायदा केला म्हणत्यात. २०१२ आणि २०१९ ची पशुगणना काढून बघा, राज्यात देशी गाया २० टक्क्यांनी कमी झाल्या. वाचली कोण?

मृदगंध:
२०१२ ते २०१९ मध्ये मराठवाड्यात लागोपाठ दुष्काळ होता, ट्रॅक्टर आले, एचएफ आल्या. सगळं कायद्याच्या माथी मारायचं हे सोयीचं आहे. आणि तुमच्या खिलारलाच शर्यतीने भाव आलाय ना? २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यत कायम केली तेव्हापासून लाखांनी खोंड विकले जातायत, तुम्हीच लोक स्टेटसला फोटो टाकता.

बांधावरचा:
शर्यतीचा खोंड हजारात एक. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव कुणी घ्यायचे, तुम्ही का?

दुष्काळाचं म्हणाल तर त्ये बरोबर हाय, मी न्हाय कुठं म्हणतो. पण पूर्वीच्या दुष्काळात जनावर विकून माणूस जगायचा, पाऊस पडला की परत घ्यायचा. आता दुष्काळात विकायची सोय न्हाय म्हणून छावणीत उभं ऱ्हायचं. २०२५ च्या पावसाळ्यात कत्तलीसाठी जनावरं घेणाऱ्या कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदीच बंद केली, रस्त्यात गाड्या अडवून मारहाण, कागद असले तरी, म्हशीची गाडी असली तरी. आठवडी बाजार सुने. तवा त्यांच्यापेक्षा जास्त बोंब आम्ही मारत हुतो.

मृदगंध:
म्हणजे शेवटी हा धागा कसायांची वकिली करण्यावर आला. वाटलंच होतं. गायीवर माया असलेला शेतकरी आता फक्त गोष्टींत उरला.

गोठेवाली:
माया? रात्री दोन वाजता अडलेल्या गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवलंय का कधी? लंपीत गाठी फुटलेल्या, माशा बसायच्या, हळद आणि कडुनिंबाचा लेप लावत रात्री काढल्यात. माया कुणाला शिकवताय. सकाळी चहात जे दूध घालता ना, ते ज्या गायीचं, तिचा गोऱ्हा कुठे आहे ते आधी विचारून या.

मृदगंध:
मी देशी गायीचं ए२ दूध घेते, गोशाळेचं. आणि वैयक्तिक होऊ नका.

चार्टर्ड_काका:
ए२ पण गाय व्यायल्याशिवाय येत नाही ताई. 🙏

थोडं शांत व्हा दोघी. म्हशीकडे बघा, कायद्यात म्हैस नाही, तरी रेडकांचे हाल तेच. दूध महाग म्हणून रेडकाला पाजत नाहीत, लहानपणीच मरतात. केंद्र सरकारचीच एके काळी योजना होती, रेडकं जगवून वाढवायची, मांस आणि कातड्यासाठी, कारण मेलेल्या रेडकाचा कुणालाच रुपया मिळत नाही. म्हणजे नुसता कायदा काढला म्हणून गोऱ्हा सोन्याचा होणार नाही, त्याला पाजायच्या दुधापेक्षा त्याचा भाव जास्त हवा. टेक्सासमध्ये आहे, इथे नाही. २४० रुपये किलोच्या निर्यातीत तो कधी येणार पण नाही.

बांधावरचा:
काका, हे तुम्ही आमच्याच इरोधात बोलला का आमच्या बाजूनं, दोनदा वाचलं तरी कळंना.

चार्टर्ड_काका:
दोन्ही. सीए आहे मी.

कोकणी_मासा:
गोव्याचं कुणीच बोललं नाही म्हणून. आमच्याकडे उसगावला सरकारी मीट कॉम्प्लेक्स आहे आणि गाई-बैल यायचे मुख्य करून कर्नाटकातून. जानेवारी २०२१ ला कर्नाटकचा नवा गोहत्याबंदी कायदा लागू झाला आणि पणजी-मडगावच्या बाजारात फळ्या रिकाम्या. सरकार तेव्हा भाजपचं दोन्हीकडे, तरी गोव्याचं सरकार दुसऱ्या राज्यांतून माल आणायची धडपड करत होतं, कारण हॉटेलं आहेत, नाताळ आहे, मतदार आहेत. तत्त्व घाटाच्या वर एक, घाटाच्या खाली दुसरं. मी आपला बांगडा खातो, मला काय.

टेक्सासकर:
मी धागा काढला होता १५,००० लिटरवर, आलो कुठे आपण. असो. मृदगंध, एक प्रश्न राहिला. तुम्ही म्हणालात जगाने बीफ सोडावं. समजा सोडलं. दूध पण सोडायचं का? कारण न्यूझीलंडचं निम्म्याहून जास्त बीफ दुधाच्या कळपातून येतं, तिथल्या म्हाताऱ्या गायींचं बिनचरबीचं मांस इथे येऊन आमच्या फीडलॉटच्या चरबीत मिसळून बर्गर होतो. इथे पण म्हातारी डेअरी गाय खिम्यातच जाते. दूध ठेवून बीफ काढणं म्हणजे ताईंच्या गोठ्यातलं चित्र जगभर करणं.

मृदगंध:
दूध कमी करायला माझी ना नाही, मी ओट मिल्क पण वापरते. पण तुमच्या प्रश्नात मुद्दा आहे हे मी मान्य करते असं समजू नका, तुम्ही सव्वा डॉलरच्या कुरणाचं उत्तर अजून दिलेलं नाही.

टेक्सासकर:
१.३५. आणि अशा कुरणांवर देशातल्या गुरांपैकी अगदी थोडी चरतात, टेक्सासमध्ये तर जवळजवळ नाहीतच, इथली जमीन खाजगी आहे. पण हो, भाडं फुकटात जमा आहे. घ्या, तुमचा पॉइंट. फ्रेम करून लावा.

मृदगंध:
धन्यवाद, लावते. गोठेवाली ताई, तुम्ही टेम्पो परत फिरवलात म्हणालात, मग त्या गोऱ्ह्याचं पुढे काय झालं? खरंच विचारतेय, टोमणा नाही.

गोठेवाली:
आहे ना गोठ्यात. मोठा झालाय, दावं तोडतो, परवा पेंडीचं पोतं फाडलं. रोज खातोय. तुमच्याकडे पाठवू का? पत्ता द्या, टेम्पोचं भाडं मी देते.